वनराई बंधाऱ्याची गोणी: सिमेंटची जुनी, कोरी पांढरी, की दगड आणि कागद?

सिमेंटची रिकामी गोणी फुकट मिळते हे खरं, पण धड मिळत नाही. गवंडी काही गोणी शिवणीवरून उघडत बसत नाही. फावड्याच्या पात्याने तिचं मधोमध पोट फाडतो, दोन टोकं धरून मिक्सरमध्ये उपडी करतो आणि भिरकावून देतो. अशी आडवी फाटलेली गोणी माती भरायला कुचकामी. शंभर गोळा केल्या की तीसेक तरी अशाच निघतात, आणखी काहींच्या तळाला सिमेंटचे गठ्ठे धरलेले असतात. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या पडवीत ढीग भला मोठा दिसतो, आणि वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरल्यावर पाचव्या-सहाव्या थराला हाक येते, "गोणी संपली!"

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दर हिवाळ्यात लोकसहभागातून कच्चे आणि वनराई बंधारे (मातीच्या गोण्या रचून वहाळ अडवणारे) घालायची मोहीम निघते. गावाला उद्दिष्ट मिळतं, श्रमदानाचा वार ठरतो, फोटो निघतात. (बंधाऱ्याला हे नाव मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे पडलं. धारिया महाडजवळच्या नात्याचे, म्हणजे नाव तसं कोकणातलंच.) जागा कुठली, माणसं किती, चहा-वडापाव कोणाकडे, सगळ्यावर बैठक होते. गोणी मात्र 'मिळेल ती' असते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात मार्चला विहिरीचा तळ दिसतो. नोव्हेंबरात अडवलेलं पाणी जानेवारीतच निसटलं, की लोक बंधाऱ्यालाच नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक गोणीच्या निवडीत आणि ती मांडण्यात असते. म्हणून हे परीक्षण गोणीचं, आणि तिच्या बरोबरीने लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या कागदाचं.

आधी हिशोब, कारण तो केल्याशिवाय कुठली गोणी परवडते ते कळत नाही. वहाळ आठ मीटर रुंद, पाणी एक मीटर अडवायचं, असं धरू. वरची रुंदी एका गोणीची, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. तळाला तीन गोण्या, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. दोन्ही काठांत चाळीस-चाळीस सेंटिमीटर आत घुसवायचं आणि तळाला वीतभर खोल चर. सगळं मिळून साधारण 13 घनमीटर काम होतं. पन्नास किलोची गोणी दोन-तृतीयांश भरून चोपली की 55 बाय 40 बाय 11 सेंटिमीटरची बसते, म्हणजे घनमीटरला चाळीस-एक्केचाळीस. एकूण 530 ते 540 लागतात, फुटतुटीसह 600 धरा. माती साडेचार ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) पुढे जाते. भरलेली एक गोणी 35 किलोची धरली तरी हे वीस टनांच्या आसपासचं ओझं आहे आणि ते हातानेच उचलायचं आहे. पंचवीस माणसं सकाळी आठला उतरली तर एका दिवसाचं काम. "दोन तासांत बंधारा" अशी बातमी वाचली की समजावं, बंधारा गुडघ्याएवढा आहे किंवा कागद घातलेला नाही.

जुन्या सिमेंटच्या 600 गोण्या धड हव्या असतील तर 900 गोळा कराव्या लागतात. साध्या घराच्या एका स्लॅबला शे-दीडशे गोणी सिमेंट जातं, म्हणजे सहा ते नऊ स्लॅबांचा माल. कोकणात स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतात, पावसाच्या आधी. तेव्हाच गवंड्याला सांगून ठेवायचं: शिवणीची गोणी असेल तर दोरा ओढून उघड, चिकटवलेल्या तळाची असेल तर एकाच टोकाला काप. शक्य असेल तर गोणीमागे एखादा रुपया मुकादमाच्या हातावर ठेवा, फाटलेल्यांचं प्रमाण एकदम उतरतं. मग त्या सहा महिने ठेवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. उघड्यावर ठेवल्या तर ऊन खातं, बंद खोलीत ठेवल्या तर उंदीर. वाशाला टांगलेलं गाठोडं बरं पडतं. भरण्याआधी गोणी वहाळापासून लांब झटकायची. सिमेंटची भुकटी पाण्यात गेली तर मासे मरतात, आणि ओल्या हाताला लागली तर कातडी सोलते. गोणी झटकणाऱ्याला तरी हातमोजे द्या.

धड मिळालेली सिमेंटची गोणी मात्र कामाला चांगली आहे. वीण घट्ट, बरेचदा आतून पातळ थर दिलेला, त्यामुळे बारीक माती झिरपून जात नाही. तिचं वैर उन्हाशी. प्लॅस्टिकच्या विणीला ऊन लागलं की तीन-चार महिन्यांत ती बोटाने टोचली तरी फाटते. पाण्याखालची किंवा मातीत दबलेली गोणी मे महिन्यात काढली तर पुष्कळदा जशीच्या तशी निघते. वरचे दोन थर आणि खालच्या अंगाची, म्हणजे जिथे पाणी नाही आणि ऊन दिवसभर, ती ओळ फेब्रुवारीअखेर भुसभुशीत होते. बंधारा वरून ढासळतो तो इथून.

कोऱ्या पांढऱ्या विणलेल्या गोण्या बाजारात बंडलाने मिळतात. दुकानदार वजन सांगत नाही, विचारावं लागतं: किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), आणि 'यूव्ही', म्हणजे ऊन सोसणारी, आहे का. साठच्या खालची हातात घेतली तर पलीकडची बोटं दिसतात. तिच्यात माती भरून दोन माणसांनी उचलली की तळाची शिवण उसवते. ऐंशीच्या आसपासची घ्या. आतून थर नसलेल्या कोऱ्या गोणीत नुसती बारीक रेती भरू नका, पाण्याच्या दाबाने ती विणीतून गळते आणि गोणी हळूहळू पिचकते. सगळा बंधारा कोऱ्या गोण्यांनी बांधणं म्हणजे चांगला पैसा पाण्याखाली पुरणं. पण वरचे दोन थर आणि खालच्या अंगाचा दर्शनी थर, मिळून दोनशेच्या आसपास गोण्या, यूव्हीवाल्या कोऱ्या आणि आतल्या चारशे जुन्या सिमेंटच्या, हे मिश्रण सगळ्यात पटण्यासारखं आहे. दोनशे गोण्यांचा खर्च वाडीच्या वर्गणीतून सहज निघतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी घातला असेल तर पाण्यासाठीच्या बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायच्या) निधीतूनही बसतो, मात्र त्यासाठी विषय वेळेवर ग्रामसभेपुढे यायला हवा. नोव्हेंबरात आठवण झाली तर वर्गणीच काढा.

खताची गोणी, विशेषतः युरियाची 45 किलोची, लोक विसरतात. आत प्लॅस्टिकची पिशवी असेल तर माती अजिबात गळत नाही, म्हणून पाण्याच्या अंगाच्या ओळीला ती सर्वांत चांगली. धुऊन घ्या, पण वहाळात नाही. धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता, माड खूश.

गोणपाट मात्र नको. ते प्लॅस्टिक नाही, म्हणून काही जण आग्रह धरतात, आग्रह चांगलाच आहे. पण अर्धं पाण्यात, अर्धं हवेत असलेलं तागाचं गोणपाट पाण्याच्या रेषेवर कुजतं आणि नेमकी तीच ओळ तुटते. महाग पडतं ते वेगळंच.

आणि जिथे दगड आहे तिथे गोणीच नको. सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या, संगमेश्वर-लांज्याच्या पूर्वेकडच्या किंवा कणकवली-कुडाळच्या वरच्या अंगाच्या वहाळांत काळे गोटे मुबलक असतात. तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण विजय बंधारा' सरस ठरतो: वहाळातल्याच दगडांची उतरती रचाई आणि पाण्याच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद. पावसाआधी कागद गुंडाळून ठेवायचा, दगड तिथेच. गोण्या शोधणं नाही, भरणं नाही, मे महिन्यात प्लॅस्टिकच्या चिंध्या वेचणं नाही. समुद्राकडच्या कातळपट्टीत, रत्नागिरी-राजापूर-देवगडच्या सड्यांखालच्या (कातळाच्या पठारांखालच्या) पऱ्यांत, म्हणजे लहान ओढ्यांत, असे सुटे गोटे कमी, तिथे गोणीला पर्याय नाही. घाटाकडच्या गावाने उद्दिष्टाच्या कागदावर 'वनराई' लिहिलंय म्हणून पायाखालचे दगड सोडून गोण्या भरत बसू नये.

आता कागद. पाणी गोणी अडवत नाही, कागद अडवतो. गोणी फक्त कागदाला पाठ देते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका टळतात. मल्चिंगचा (पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा) पातळ कागद वापरू नका, एका सांध्यावर खडा टोचला की संपलं. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा टिकतो, पण ताठ असतो, कोपऱ्यात बसत नाही. अनेक थरांची यूव्ही ताडपत्री, जी सिलपॉलिन म्हणून मागितली जाते, ती वजनाला हलकी, वळते, आणि नीट सुकवून ठेवली तर पुढची दोन-तीन वर्षं चालते. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर हिच्यावर घाला. पैसेच नसतील तर वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आहेत. शुभेच्छुकांचे चेहरे गोणीकडे आणि पांढरी बाजू पाण्याकडे करून टाकले तर एक हंगाम काढतात. फक्त कडेची लोखंडी कड्यांची पट्टी कापून टाका, गळती तिथूनच सुरू होते. दोन फ्लेक्स जोडताना फूटभर चढ द्या.

कागद बंधाऱ्याच्या पायथ्याशी संपवायचा नाही. तिथून दीड-दोन मीटर वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, वीत-दीड वीत खोल चर मारून त्यात त्याची कड घालायची आणि चिकणमातीने दाबायची. वरची कड शेवटच्या थराच्या गोणीखाली. मध्ये ताणू नका, सैल सुरकुत्या राहू द्या. पाणी भरलं की कागद खड्ड्यांत बसतो आणि ताणलेला असेल तर तिथेच फाटतो.

मांडणीतली सगळ्यात मोठी चूक पहिल्या तासात होते: वाळूवरच गोणी टाकायला सुरुवात. तळातली रेती-गाळ काढून कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत जायला हवं, नाहीतर पाणी बंधाऱ्याखालून रस्ता काढतं आणि वरून बघणाऱ्याला कळतही नाही. त्यासाठी आधी पाणी वळवावं लागतं. तीन-चार मीटर वर छोटा बांध, आणि 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तळातून खालपर्यंत. हा पाइप काम झाल्यावर काढू नका, त्याला टोपण लावून बंधाऱ्यातच ठेवा, पुढे त्याचा उपयोग सांगतो.

गोणी दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी भोपळ्यासारखी गोल होते, दोन भोपळ्यांमध्ये फट राहते. तोंड सुतळीने आवळून बांधलं तरी तेच होतं. दाभणाने तीन-चार टाके घातले की गोणी सपाट बसते. टाक्याला नायलॉनचा दोरा घ्या. सुतळी ओलाव्यात कुजते. लांबी प्रवाहाच्या दिशेने, शिवलेलं तोंड पाण्याच्या अंगाला आणि दुमडून खाली, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, विटकामासारखं. प्रत्येक थर धुमसाने चोपायचा. सांध्यांत चिखल, आणि चिखलात भाताचा पेंढा कालवलेला. जुन्या कच्च्या बांधांची ही रीत अजून हरलेली नाही. माती काठावरून खणू नका, काठ कच्चा होतो. वरच्या अंगाच्या पात्रातला गाळ उपसा, तेवढी साठवण वाढते. आतल्या ओळींना तो गाळ-रेती चालते, पाण्याच्या अंगाला तांबडी चिकट माती.

उंची एक मीटर, फार तर सव्वा. एक मीटर पाण्याचा जोर बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीला अर्ध्या टनाच्या आसपास असतो. दीड मीटर केला की तो दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. पुढच्या गावाने आपल्याहून उंच बांधला म्हणून चढाओढ करणाऱ्यांना हे सांगून बघा. मध्यभागी दोन-तीन मीटर लांबीत एक थर कमी ठेवून सांडवा करा आणि त्याच्या खाली दगड टाका, नाहीतर सांडणारं पाणी पायथाच उकरतं.

2019 साली चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, आणि खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. तेव्हापासून खेकड्याचा विषय काढला की लोक संतापतात, आणि ते रास्तच आहे. पण गोण्यांच्या कच्च्या बंधाऱ्यात खेकडा खराच उपद्रवी आहे. तो गोणीत नाही, गोणी आणि काठ यांच्या सांध्यातल्या ओल्या मातीत बीळ करतो. काठाच्या टोकाला बारीक खडी-दगड ठासून त्यावर चिकणमाती लिंपली तर तो तिथे खणत नाही. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा कोणीतरी दोन्ही टोकं बघून यायला हवीत. गढूळ पाणी झिरपताना दिसलं तर माती वाहते आहे, स्वच्छ पाणी पाझरत असेल तर घाबरायचं कारण नाही.

जांभ्या कातळाचं दुखणं वेगळं. कातळाला भोकं असतात आणि पाणी बंधाऱ्याला वळसा घालून खालूनच जातं. जागा ठरवतानाच पावसाळ्यानंतर वहाळ कुठे आटतो आणि कुठे परत दिसतो ते बघा. आटतो त्या टप्प्यावर कितीही चांगली गोणी लावली तरी फायदा नाही. उतारही बघा. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल तर पाणी मागे शंभर मीटर पसरतं, वीस मीटरला एक असेल तर वीसच मीटर, आणि श्रम तेवढेच. खाडीजवळच्या वहाळात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं ते आधी पाहून त्याच्या वरच बांध घाला.

वेळेचं गणित कोकणात अवघड आहे. परतीचा पाऊस ऑक्टोबरात केव्हाही येतो, तेव्हाच भातकापणी, मग झोडणी, मग दिवाळी. डिसेंबरची वाट पाहिली तर पर्‍यात बोटभर धार उरते आणि बंधारा भरायलाच महिना जातो. दिवाळी ते तुळशीचं लग्न, या दिवसांत बांधलेला बंधारा सगळ्यात जास्त पाणी धरतो.

पुढची भांडणं गोणीची नसतात, पण बंधारा फुटतो तो पुष्कळदा त्यांनीच. आठ मीटर रुंदीच्या, शंभर मीटर मागे पसरलेल्या अशा साठ्यात तीनेक लाख लिटर पाणी असतं. पाच एचपीचा पंप सेकंदाला दहा लिटर उचलतो. म्हणजे एका बागायतदाराने रात्री नऊ-दहा तास पंप चालवला की पंचवीस माणसांच्या श्रमदानाचा साठा सकाळी चिखल. पंप कोणी, कुठल्या वारी, किती तास, हे बंधारा घालण्याआधी वाडीच्या बैठकीत लिहून घ्या. दुसरं भांडण खालच्या वाडीचं: वर पाणी अडलं की त्यांचा वायंगणीचा (उन्हाळी भाताचा) पाट कोरडा पडतो, आणि मग एखाद्या रात्री मधल्या चार गोण्या कोणीतरी ओढून काढतं. तळातला तो पाइप यासाठी ठेवायचा. टोपण ठरलेल्या दिवशी काढायचं, किल्ली दोन्ही वाड्यांकडे.

आणि शेवटी काढणी, जी कुठल्याच मोहिमेच्या फोटोत नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. त्याआधी गोण्या निघाल्या नाहीत तर पहिल्या लोंढ्यात सगळ्या चिंध्या भाताच्या खाचरात, साकवाच्या खांबांना आणि पुढे खाडीत. नोव्हेंबरात उत्साह असतो, मे महिन्यात सगळे आंब्याच्या पेट्यांत. म्हणून काढणीची तारीख बांधणीच्या दिवशीच ठरवा, 15 ते 25 मे. तेव्हा मुंबईकर गावाला असतात, हात मिळतात. वरून खाली थर काढा, माती काठाच्या शेतात पसरा, कागद धुऊन सावलीत सुकवून गुंडाळा. घातलेल्या गोण्यांचा आकडा वहीत लिहिलेला असावा आणि निघालेल्यांचा त्याच्यासमोर. 600 घातल्या आणि 580 निघाल्या तर गावाचं काम चोख. निघालेल्यांपैकी पाण्याखालच्या, अजून ताठ असलेल्या वेगळ्या काढा. पुढच्या वर्षीच्या आतल्या ओळींना त्या चालतात, आणि गवंड्याकडे तेवढ्या कमी मागाव्या लागतात.